लॉकरमधलं डोरलं

बॅटरी बंद होत नाही. हे वाक्य मी नव्या तुकडीपुढे इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतसुद्धा म्हणत असेन. चाकणच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते तिथे इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांचे बॅटरी पॅक जुळवले जातात, आणि पॅक जुळवणाऱ्यांना पहिल्या दिवशी धडधाकट घरी कसं जायचं ते शिकवणं हे माझं काम आहे. इंजिनाची किल्ली फिरवली की ते गप्प होतं. पेट्रोलची टाकी रिकामी करता येते. बॅटरीचं तसं नाही. सेलला सेल जोडत गेलात की प्रत्येक जोडाबरोबर व्होल्टेज चढत जातं, पार चारशेपर्यंत, आणि त्या वेळी तुमचे हात तिच्या पोटात असतात. बंद करायचं बटण कुठेच नसतं. अशा वेळी अंगावरचा धातूचा तुकडा दोन टोकांच्या मध्ये आला तर तो वितळतो, आणि ज्याच्या अंगावर असतो त्यालाही सोडत नाही. म्हणून लाइनवर अंगठी नको, घड्याळ नको, कडं नको, खिशात किल्ली नको, गळ्यात काही म्हणजे काही नको. काचेच्या बांगड्यासुद्धा नकोत, कारण फुटलेली काच पॅकमध्ये गेली की शोधत बसावं लागतं.

मी हे रागावून सांगते. हसतमुखाने सांगावं म्हणून कंपनीने मला एका वर्गाला पाठवलं होतं. तिथल्या बाईंनी माझ्याकडून आरशासमोर हसण्याचा सराव करून घेतला. उपयोग शून्य.

रागाचं मूळ आमच्या घरात आहे. माझे वडील आकुर्डीच्या एका कारखान्यात लेथवर होते. धम्मदीक्षेनंतरच्या पिढीतला, गाव सोडून कंपनीत लागलेला आमच्या नात्यातला तो पहिला माणूस. लग्नातली अंगठी त्यांना फार आवडायची. एके दिवशी ती लेथवर फिरणाऱ्या लोखंडात अडकली आणि डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं. त्या काळी काम सुरू करताना अंगठी काढा म्हणून कुणी सांगत नव्हतं. गेल्यावर मात्र सगळ्यांनी सांगितलं. संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत मी लहानाची मोठी झाले ती त्या अर्ध्या बोटाला धरून चालत. त्यामुळे कुणी मला म्हणालं की मॅडम, एवढ्याशा अंगठीने काय होतंय, तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तर अशाच एका नव्या तुकडीत ती होती. चाकणजवळच्या एका जुन्या गावातली सून. तिच्या सासरची जमीन कारखान्यांत गेली, मग घरात पाण्याचे टँकर आले, क्रेन आली, भाड्याचे गाळे झाले. तिचं आयटीआय लग्नाआधीच झालेलं होतं आणि प्रमाणपत्र कपाटात पडून होतं. नवऱ्याच्या मागे लागून लागून तिने ते बाहेर काढलं आणि आमच्याकडे लागली. हात असा की पॅकमधले बोल्ट घट्ट करताना आवाजावरून ओळखायची, नीट बसला की नाही. मी तिला दुसऱ्याच आठवड्यात मुख्य जोडणीवर घेतलं.

आणि तिथेच मी तिच्यावर ओरडले. कॉलरच्या आतून काहीतरी काळं डोकावत होतं. मी जवळ जाऊन बघितलं तर मंगळसूत्र. ते तिने पूर्णपणे, दोन्ही वाट्यांसकट, इलेक्ट्रिशियनच्या काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलं होतं. वायरमन जोड गुंडाळतो ना, अगदी तसं, एकावर एक नीट वेढे देऊन.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"इन्सुलेशन केलंय, मॅडम," ती म्हणाली. वर असंही म्हणाली की पट्टी चांगल्या कंपनीची आहे.

मला हसू येत होतं आणि राग त्याहून जास्त. मी तिला लाइनवरून बाहेर काढलं आणि लॉकरच्या खोलीत नेलं. पट्टी घामाने सुटते, वेढ्यात फट राहते, वाकल्यावर ते लोंबतं, हे सगळं ऐकवलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडं डोरलं काढत न्हाईत, मॅडम. आत्याबाईंना कळलं तर मला कंपनीच्या गेटात पाऊल टाकू देणार न्हाईत." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. मी म्हटलं, "तुझ्या आत्याबाई लाइनवर येतात का?" ती नाही म्हणाली. "मग त्यांना कोण सांगणार आहे?" त्या दिवसापासून तिचं डोरलं शिफ्टभर लॉकरमध्ये राहायला लागलं. सकाळी काढायचं, रुमालात गुंडाळायचं, संध्याकाळी घालून घरी जायचं. जोडवीही तशीच. आमच्याकडच्या बऱ्याच जणी हेच करतात आणि घरी बोलत नाहीत. तिचंही मस्त चाललं होतं.

इथे मला जरा थांबून एक सांगायचंय. बॅटरीच्या भविष्यावर बोलणाऱ्या सभांना मी जाते, कंपनी पाठवते म्हणून. मोठ्या हॉटेलात असतात. पडद्यावर चित्रं येतात. द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली बॅटरी, लिथियमऐवजी मिठातल्या सोडियमची बॅटरी, चहा होईस्तोवर भरणारी बॅटरी, चारशेच्या जागी आठशे व्होल्ट. लोक टाळ्या वाजवतात. माझा भाऊ पिंपळे सौदागरला राहतो, त्याच्या सोसायटीत याच भविष्यावरून पार्किंगमध्ये हमरीतुमरी होते, चार्जिंगचा प्लग कुणाच्या खांबावर लावायचा यावरून. भांडोत बापडे. पण आठशे व्होल्टचा पॅक कुणाच्या हाताखाली जुळवला जाणार आहे, त्या हातांच्या घरी काय चाललंय, हे त्या पडद्यावर मी आजवर पाहिलेलं नाही. एकदा प्रश्नोत्तरात मी हात वर केला होता. माइक माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

मग महिला दिन आला. कंपनीच्या जाहिराती सांभाळणाऱ्या मंडळींनी एक फोटोवाला आणला. लाइनवरच्या चार-पाच जणींचे फोटो घेतले. कशासाठी ते विचारलं तर म्हणाले, अंतर्गत, नोटीस बोर्डासाठी. आणि थोड्याच दिवसांत हायवेच्या चौकात हे भलंमोठं होर्डिंग लागलं. तिचाच फोटो, एकटीचा. नारिंगी केबल हातात धरलेली, चेहरा हसरा, आणि कॉलरचं वरचं बटण उघडं, कारण फोटोवाल्याने सांगितलं होतं की मान मोकळी दिसू द्या. खाली लिहिलं होतं, भविष्य या हातांत. गळा मात्र पूर्ण मोकळा. कपाळावर टिकली होती ती फोटो सुंदर करणाऱ्याने पुसली की उन्हात उडाली, देव जाणे.

त्या चौकातून तिच्या गावातली झाडून सगळी माणसं जातात. टँकर जातो, दूधवाला जातो, शाळेची व्हॅन जाते. पहिल्याच दिवशी कुणीतरी फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. तिच्या नवऱ्याला मित्रांनी विचारलं, "काय राव, तू अजून हायेस ना?" ही त्यांची चेष्टा. तिच्या सासूबाईंना हळदीकुंकवाला एका बाईने बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरात काही वाईट झालंय का म्हणून. त्या घरी आल्या आणि त्यांनी सुनेला एवढंच सांगितलं की उद्यापासून कंपनी बंद.

ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती सामान न्यायला. लॉकरसमोर उभी राहून रडत होती. "आत्याबाई ऐकत न्हाईत," म्हणाली. "मला ह्या लाइनवर कायम करणार होते ना, मॅडम? पुढच्या महिन्यात?" हो, करणार होते. त्या यादीत तिचं नाव मीच दिलं होतं. कायम झाली असती तर रोबो चालवायच्या प्रशिक्षणाला जाणार होती, कारण आमच्या लाइनवर काही वर्षांत रोबो येणार हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना आज हाताने पॅक जुळवता येतो त्यांनाच उद्या रोबोच्या मागे उभं करणार, असं वरून सांगितलेलं होतं. म्हणजे आज घरी बसली की कायमचीच बसली.

मी एचआरच्या साहेबांकडे गेले. चांगला माणूस आहे, असं सगळे म्हणतात. मनगटावर जाड धातूच्या पट्ट्याचं घड्याळ असतं, बोलताना ते टेबलावर खटखट वाजतं.

"भावनांचा प्रश्न आहे, मॅडम," ते म्हणाले. "आपण स्थानिक संस्कृतीचा आदर करतो. तिला आपण पॅकिंगला टाकू. तिथे धातूचा नियम नाही, सगळं घालून काम करू दे."

"पॅकिंगमधून कायम करतात का?"

"ते कंत्राटावर असतं."

"मग होर्डिंग काढा."

"वर्षभरासाठी घेतलंय." मग ते मला समजावायला लागले. म्हणाले, "अहो, दोन-तीन वर्षांत ती सगळी लाइनच बदलणार. नवी बॅटरी येईल, रोबो येतील. एवढ्याशासाठी कशाला वाद?"

एवढ्याशासाठी! माझा आवाज चढला तो बाहेर कॅन्टीनपर्यंत गेला म्हणे. मी म्हटलं, तुम्हाला भविष्य दाखवायला तिचा चेहरा पाहिजे, तिचा गळा पाहिजे, विचारायची गरज नाही. आणि त्याचे चटके बसले की ती कंत्राटावर, खोकी चिकटवायला. आदर कसला, हात झटकलेत तुम्ही. ते शांतपणे ऐकत होते, आणि शांत माणसावर ओरडण्याइतकं वैतागवाणं काही नाही. शेवटी म्हणाले, घरच्यांची हरकत नसेल तर माझी काहीच नाही, तुम्ही बघा. म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात.

रविवारी मी तिच्या गावाला निघाले तर वडील चप्पल घालून तयार. "मी येतो. तू भांडशील," म्हणाले.

तिचं घर तीन मजली, दारात ग्रॅनाइट, फाटकावर सासऱ्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, वाढदिवस होऊन महिने झालेले. सासरे सोफ्यावर बसले होते. गळ्यात म्हशीच्या साखळीएवढी सोन्याची चेन, हातात कडं, दोन्ही हातांत मिळून चार अंगठ्या. गळ्यात काय असावं नि काय नसावं याचा निकाल या घरात लागणार होता, आणि समोर हा गळा. मी ओठ आवळून बसले. वडिलांनी माझ्याकडे बघितलं.

सासूबाई चहा घेऊन आल्या. नऊवारी, उंच, बोलणं सरळ. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "म्याडम, तुमचं लगीन झालंय का?"

"नाही."

"मंग तुमास्नी डोरल्याचं काय कळायचं?"

मी तोंड उघडणार तोच वडिलांनी कपासाठी डावा हात पुढे केला. सासूबाईंचं लक्ष बोटाकडे गेलं. "हे कशानं झालं वो?" त्यांनी विचारलं. वडिलांनी सांगितलं. नेहमी सांगतात तसंच, एका दमात. लेथ, अंगठी, बोट. बायकोने हौसेने घातलेली होती, म्हणाले, नंतर तीच रडायची की मी का घातली. बस्स, चहा पिऊ लागले.

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. बोलल्या त्या माझ्याशी नाही, वडिलांशी. "आमची बी गिरण होती. पिठाची. ह्येंच्या वडलांच्या टायमाला. मीच चालवायची. पट्टा आसा फिरायचा समोर. डोरलं त्यात गुतंल म्हून मी आधी देवापुढं काढून ठेवायची, मंगच बटान दाबायची. सासूला ठावं होतं. ती कायबी बोलली न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. "मावशी, म्हणजे तुम्हीसुद्धा काढत होता?"

"व्हय. काढत हुते." त्यांनी आता माझ्याकडे बघितलं, आणि डोळ्यांत जो राग होता तो माझ्या ओळखीचा होता. "कामाला काढलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी हुतंय व्हय? त्ये न्हाई म्हनत मी. पर तवा माझा फुटू कुनी चौकात लावला न्हवता. गिरणीत मी हाय नि देव हाय, तिसरं कुनी बघाया न्हाई. तुमी माझ्या सुनंचा गळा सगळ्या हायवेला दावला. कुनाला इचारून लावला?"

इतके दिवस मी या बाईशी मनातल्या मनात भांडत होते, आणि तिचा राग नेमका माझाच निघाला. सासऱ्यांनी खाकरून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला की भावकीत काय तोंड दाखवायचं वगैरे. त्या म्हणाल्या, "तुमी गप ऱ्हावा. तुमचा फ्लेक्स तेवढा काढा फाटकावरचा, रंग उडालाय." सून दाराआड उभी होती. तिला हसू आवरेना.

मग त्यांनी देवघरातून एक वाळलेलं हळकुंड आणलं. डोरलं तुटलं, किंवा अडीनडीला सोन्याचं गळ्यात नसलं, की बायका हळकुंड दोऱ्यात ओवून बांधतात, हे मलाही माहीत होतं, पण डोक्यात आलं नव्हतं. "ह्याला तुमची करंट लागती का?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यांना ते आवडलं असावं. "मंग न्या आनि तपासा," म्हणाल्या आणि हळकुंड माझ्या हातात दिलं.

सोमवारी मी ते प्रयोगशाळेत नेलं. मीटर लावून कोरडं तपासलं, ओल्या फडक्यात ठेवून तपासलं. कोरडं पास झालं, ओलं नाही. पोरं हसत होती, मी हसले नाही. मग नियम लिहिला. वाळलेलं हळकुंड, बारीक सुती दोरा, ओढला की तुटेल असा. शर्टाच्या आत, कॉलरचं बटण लावूनच. दोरा रोज नवा, घामाने ओला झाला तर तिथल्या तिथे काढायचा. त्यावर सही घेताना एचआरचे साहेब खूश झाले. म्हणाले, "वा, मॅडम, किती सुंदर कल्पना!" त्यांच्या त्या वा मध्ये मला धोका ऐकू आला होता.

ती परत आली. कायम झाल्याचं पत्र मिळालं त्या दिवशी तिने सगळ्यांना पेढे दिले, मला दोन. होर्डिंग मात्र तसंच होतं. मी दर आठवड्याला विचारायची, साहेब दर आठवड्याला बघतो म्हणायचे. तिच्या सासूबाई तिथून जाताना रिक्षात मान फिरवून बसायच्या, असं ती सांगायची.

आणि मग एका दुपारी एचआरचे साहेब लाइनवर आले, मागे तोच फोटोवाला. आमचा अंगरखा दोघांनी चढवला होता, तेवढी मेहेरबानी. ती पॅकवर वाकली होती, पॅक उघडा, जोडण्या निम्म्या झालेल्या. मी पलीकडच्या टोकाला होते.

"नवं होर्डिंग करतोय," ते मला ऐकू येईल असं म्हणाले. "जुनं उतरवतो. खूश? परंपरा आणि प्रगती, अशी कल्पना आहे." मग तिच्याकडे वळून, अगदी लाडात, "ते हळदीचं जरा बाहेर काढा ना. वरचं बटण उघडा. छान दिसेल." आणि दाखवायला म्हणून त्यांनी पॅकवरून हात पुढे केला. बाही वर सरकली. मनगटावर ते घड्याळ.

मी ओरडायला तोंड उघडलं. पण ती आधीच सरळ झाली होती. रबरी हातमोज्यातला हात तिने आडवा धरला.

"मागं सरा, साहेब," ती म्हणाली. "बॅटरी बंद व्हत न्हाई. आनि आधी हातातलं काढा."

लाइन थांबली. सगळ्या जणी बघायला लागल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी सांभाळून घेईन अशा आशेने. मी म्हटलं, "ऐकलंत ना? काढा."

ते दोन पावलं मागे सरले. घड्याळ काढलं. अंगरख्याला चाचपून पाहू लागले, पण आमच्या अंगरख्याला खिसा नसतो, नियमच आहे. घड्याळ मुठीत धरून ते तसेच उभे राहिले.

"हे ठेवू कुठे?" त्यांनी विचारलं.

"लॉकरमधी," ती म्हणाली आणि पुन्हा पॅकवर वाकली. "आमी ठेवतो तिथं."